कोरं कार्ड, फाटका कोपरा

नवऱ्याचं जहाज नकाशावरून नाहीसं झालं, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर आगबोटींच्या काळातली पत्रं मांडून बसले होते.

पोस्टाच्या तिकिटांचं आणि जुन्या पत्रांचं प्रदर्शन जवळ आलं होतं. सिकंदराबादच्या एका सभागृहात भरणार होतं आणि मला एक चौकट मिळाली होती. एक चौकट म्हणजे सोळा कागद. त्या सोळा कागदांत मला सांगायचं होतं की वाफेवरची जहाजं चालायची त्या काळात हैदराबादहून समुद्रापलीकडे पत्र कसं जायचं, आणि तार कशी जायची.

संग्रह मूळचा माझा नाही, सासऱ्यांचा. त्यांची सगळी नोकरी सिकंदराबादच्या तारघरात गेली. सुट्टीच्या दिवशी ते हैदराबादच्या कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत बसून रद्दी उकरायचे आणि जुनी पाकिटं घेऊन यायचे. ते गेल्यावर चपलांची आठ-दहा खोकी कपाटावर तशीच राहिली. मी एका खासगी रुग्णालयात औषधांचा साठा सांभाळते. दिवसभर क्रम लावायचा, मुदती बघायच्या, संपत आलेलं मागवायचं. घरी येऊन ती खोकी दिसली की मला चैन पडेना. शेवटी एका उन्हाळ्यात सगळी खाली काढली, मार्गाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे लावली आणि त्या नादात मलाच त्यांचं वेड लागलं.

इथली गंमत अशी, की निजामाच्या टपालाची तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालायची. पत्र विलायतेला जायचं असेल तर ते इंग्रजांच्या टपालात टाकावं लागे, सिकंदराबादच्या छावणीत किंवा कोठीला रेसिडेन्सीत. तिथून मुंबई. मुंबईहून आगबोटीनं एडन, मग तांबडा समुद्र, मग सुएझ. पुढे त्याच समुद्राच्या तळाशी तारेची केबल टाकली आणि महिनाभराची बातमी काही तासांत यायला लागली. तिसऱ्या कागदावर मी हा मार्ग लाल शाईनं काढला होता.

माझा नवरा त्याच पाण्यात होता. मालवाहू जहाजावर मुख्य इंजिनियर. माझ्या लाल रेघेच्या उलट दिशेनं येत होता, सुएझकडून खाली.

जाण्याआधी त्यानं सगळं नीट सांगितलं होतं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी अरुंद सामुद्रधुनी आहे. तिथे जहाजांवर हल्ले होतात. म्हणून तिथे शिरण्याआधी जहाज आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करतं. मग माझ्या मोबाइलवरच्या नकाशात तो छोटा हिरवा ठिपका दिसणार नाही. फोन नाही, मेसेज नाही. "दोन-तीन दिवस. फार तर चार. पलीकडे गेलो की पहिला फोन तुला," तो म्हणाला.

"आणि चार दिवसांत नाही आला तर?"

"तर ऑफिसला फोन कर. पण रोज दहादा करू नकोस. ते लोक वैतागतात."

मी सगळं टिपून ठेवलं. मुंबईच्या ऑफिसचा नंबर, तिथल्या माणसाचा थेट नंबर, विम्याचे कागद कुठे, जहाजाचा क्रमांक. घाबरले की मी याद्या करते. त्यानं भीती जात नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

चार दिवस गेले. मी फोन केला नाही, अजून एक दिवस जाऊ दिला. त्याच संध्याकाळी टीव्हीवर खाली पट्टी सरकली: त्या समुद्रात एका मालवाहू जहाजावर हल्ला, जहाजाला आग, नाव अद्याप कळलेलं नाही. मी रिमोट उचलला आणि मालिका लावली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या काही लक्षात आलं की नाही कळलं नाही. पट्टी इंग्रजीत होती आणि आईंना मराठी आणि थोडं उर्दू सोडून काही वाचता येत नाही. पण मागचं चित्र तर दिसलंच असणार. काळा धूर होता.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "डोळे दुखायलेत."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यात उभं राहून मी ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस मला वर्षानुवर्षं ओळखतो. एरवी तो म्हणायचा, "मॅडम, जरा गडबडीत आहे, नंतर करू का?" त्या दिवशी त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"मॅडम, आमचाही संपर्क नाहीये अजून. पण काळजी करू नका. काही कळलं की सगळ्यात आधी तुम्हालाच."

"जळालेलं जहाज आपलं आहे का?"

"तसं कन्फर्म नाहीये, मॅडम."

"नाही असं कन्फर्म आहे का?"

तो म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

मी घाबरले ती तेव्हा. ऑफिसचा माणूस जेवलात का विचारायला लागला, म्हणजे तो मला कशासाठी तरी तयार करतोय असं वाटलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. वरून एक नर्स उतरत होती, तिला वाट द्यायला उठले, पुन्हा बसले. मग खाली जाऊन सलाइनच्या बाटल्यांची मोजदाद पुरी केली. दोनदा चुकली.

घरी मी आणि आई एकमेकींपासून लपवत होतो. मी म्हणायचे, "रेंज नसते तिकडे." त्या म्हणायच्या, "हौ, रेंज नसल." आणि दोघी आपापल्या ताटात बघायचो. संध्याकाळी मी पत्रांचं काम काढायचे, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. सातव्या कागदावर एक पाकीट लावायचं होतं, सासऱ्यांना सगळ्यात प्रिय असलेलं. पाण्यात भिजून फुगलेलं, तिकीट सुटून गेलेलं, शाई पसरून पत्त्याचा निळा डाग झालेला. बुडालेल्या आगबोटीतून वर काढलेल्या पिशवीतलं. सासरे पाहुण्यांना ते हातावर ठेवून दाखवायचे. मी ते त्या दिवसांत पालथं घालून ठेवलं. तरी टेबलापाशी गेले की नजर तिथेच जायची.

मग तो दिवस आला. मी नेहमीसारखी संध्याकाळी घरी आले. आमचं घर मलकपेठेत, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढतानाच दिसलं की दार सताड उघडं आहे. आई दार कधी उघडं ठेवत नाहीत, मांजर येतं म्हणून. आत आले तर स्वयंपाकघरात दिवा नाही. गॅसवर चहाचं भांडं, त्यात पाणी, खाली आग नाही. गॅलरीतल्या दोरीवर आईंचं ओलं लुगडं, न पिळताच टाकलेलं, त्याचं पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

आई भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या होत्या. केस ओले. पाटावर नाही, सतरंजीवर नाही, नुसत्या फरशीवर. शेजारी वरच्या मजल्यावरच्या आपा बसल्या होत्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. मला बघून आपा उठल्या.

"भाभी, मैं आवाज सुनके आई. अम्मा कुछ बोलतीच नहीं."

संध्याकाळी, डोक्यावरून पाणी, चूल बंद, फरशीवर. हे सगळं कशासाठी करतात ते मला माहीत होतं. मी पर्स खाली ठेवली नाही. खांद्यावरच होती. मी विचारलं, "आई, काय झालं?"

त्यांनी मान वळवली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. हातांकडे बघितलं, बांगड्यांकडे, आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

"कारड आलं," त्या म्हणाल्या.

"कसलं कार्ड?"

"कोपरा फाडलेलं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नाच्या पत्राला कोपऱ्यांवर हळदकुंकू लावतात आणि मयताच्या कार्डाचा एक कोपरा फाडतात. म्हणजे पोस्टमनच्या हातातूनच कळतं. असं कार्ड घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करून मग घरात वावरायचं. मी पुण्याची. माझ्या माहेरी हे फक्त ऐकून होतं. आईंनी आयुष्यात अशी कित्येक कार्डं घेतली असतील. नांदेडकडून, परभणीकडून, सगळं गणगोत तिकडे.

"कुणाकडून? काय लिहिलं होतं?"

"काईच नाही लिहिलेलं. कोरं. काय लिहितेत ते परदेशातले लोक? इंग्रजीत पत्ता आणि जहाजाचं चित्र असलेले शिक्के. पोस्टमननं मान वर करून बघितलं नाही माझ्याकडं. त्याला कळलं असल."

"कार्ड कुठंय?"

"फाडलं की. ठेवायचं असतंय का घरात?"

"कुठे टाकलं, आई?"

"खाली. गेटापाशी. उगं बस तू. आता काय बघायलीस त्यात?"

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. गेटापाशी निळा कचऱ्याचा पिंप असतो. वर नारळाच्या करवंट्या, भाजीची देठं, कुणाचा तरी वाळलेला गजरा. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कोपरापर्यंत हात घातला. वॉचमन धावत आला, "मेडम, मेडम, क्या गिर गया?" मी उकरत राहिले. चार तुकडे सापडले. एकाला चहापत्ती चिकटली होती. पिंपाच्या झाकणावर मी ते जुळवले.

पत्ता मोठ्या सुट्या इंग्रजी अक्षरांत. ते अक्षर मी ओळखते. घरातल्या प्रत्येक मीटरवर, फ्यूजच्या डबीवर, माझ्या मसाल्यांच्या बरण्यांवर ते आहे. नवऱ्याचं.

आणि मग मला शिक्का दिसला. पत्त्याच्या बाजूला, वाकडा, पण वाचता येणारा: 'पॅकबो'.

हे कार्ड मीच मागवलं होतं.

समुद्रात असताना जहाजावर लिहिलेलं पत्र पुढच्या बंदरात टपालात दिलं, तर त्यावर हा फ्रेंच शब्दाचा शिक्का मारतात. आगबोटींच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे, अजून आहे. माझ्या सोळाव्या कागदावर मला आजचं एक असं कार्ड लावायचं होतं, जुन्या पत्रांच्या ओळीत शेवटचं. नवरा निघाला तेव्हा मी त्याच्या बॅगेत दोन कोरी कार्डं घातली होती आणि सूचना सांगितल्या होत्या: पत्ता मोठ्या अक्षरांत, मजकूर एक शब्दही नको, कुठे डाग नको. संग्राहकांना कार्ड स्वच्छ लागतं. मजकूर असला की शिक्क्यावर चढतो. महिने उलटले आणि मी ते विसरूनही गेले होते.

मी झाकणाला धरून उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "पानी लाऊं?" मी हसत होते, असं त्यानं नंतर आईंना सांगितलं. मला तसं आठवत नाही.

तुकडे पदरात घेऊन मी वर आले. दारातूनच ओरडले, "आई, ते मयताचं नाही! ते त्यानंच पाठवलंय. माझ्या प्रदर्शनासाठी. अक्षर त्याचं आहे."

त्या उठल्या. भिंत धरून उठल्या. "त्याचं अक्षर?"

"त्याचंच."

"मग कोपरा?"

वाटेत फाटला असेल, मशिनमध्ये अडकला असेल. पण तुकडा हातात घेऊन बघितला तर कोपरा फाटलेला नव्हता. कात्रीनं सरळ कापलेला होता.

आपा म्हणाल्या, "अल्ला का शुकर है, लिखा तो उनोच." आणि चहा ठेवायला आमच्या स्वयंपाकघरात गेल्या. आईंनी तुकडे हातात घेतले, दिव्याखाली धरले. मग त्यांनी मला विचारलं, "कधी टाकलंय हे?"

मला वाटलं होतं, हे त्या विचारणार नाहीत. मी शिक्क्यावरची तारीख बघितलेली होती, खालीच, पिंपापाशी. भूमध्य समुद्रातल्या एका बंदराची होती. सुएझच्या आधीची. जहाज कालव्याबाहेर बरेच दिवस नांगर टाकून थांबलं होतं, त्याच्याही आधीची. कार्ड त्यानं टाकलं तेव्हा तो होता. एवढंच त्यावरून कळत होतं.

"जरा जुनं आहे," मी म्हटलं.

"धूर व्हायच्या आधीचं?"

म्हणजे त्यांनी टीव्हीवरचं चित्र पाहिलं होतं. मी मान हलवली.

त्या खाली बसल्या. या वेळी सतरंजीवर. मग म्हणाल्या, "तुझे सासरे सांगायचे. त्यांच्या आधीच्या तारबाबूनं त्यांना सांगितलेली गोष्ट. छावणीत एका गोऱ्या साहेबाची बायको होती. साहेब आगबोटीनं गेला आणि वाटेत मेला. त्याची तार दुसऱ्या दिवशी आली. मग महिनाभर त्याची पत्रं यायलीत. एडनचं, मग कुठलं कुठलं. बोटीनं मागून येणारी. तार घेऊन गेलेला शिपाईच पोस्टमनला म्हणायचा, नको देऊ ते पत्र तिला. पण न देऊन कसं चालतंय? तिचंच पत्र ते."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. सासऱ्यांनी मला कधीच सांगितली नाही. खोकी लावताना मी शेकडो पत्रं हाताळली. त्यांच्यावरचे जाण्याचे आणि पोचण्याचे शिक्के वाचले, दिवसांचं अंतर काढलं, कागदाखाली सुबक अक्षरांत लिहिलं. लिहिणारा त्या अंतरात कुठे होता, हे कधी मनात आलं नाही. आता ते कार्ड समोर होतं आणि मला त्याला हात लावायची भीती वाटत होती.

"पूर्वी माणसाच्या डोक्याला कावळा शिवला म्हणजे अपशकुन, मग खोटं कारड पाठवायचे," आई एकदम म्हणाल्या. "मेलो म्हणून. चार लोक रडले की अरिष्ट टळायचं. तसं काही केलं असल का त्यानं?"

"समुद्रात कुठला आलाय कावळा, आई?"

"बंदरात असत्यात की!" त्या चिडून म्हणाल्या. "तू गेलीस का कधी बंदरात?"

आपा चहा घेऊन आल्या. आम्ही तिघींनी चहा घेतला. मी तुकडे एका पारदर्शक पिशवीत घातले आणि पिशवी कुठे ठेवावी ते कळेना. पत्रांच्या टेबलावर ठेववेना. देवापाशी ठेववेना. शेवटी ती फ्रिजवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. ऑफिसला फोन केला नाही. तो माणूस पुन्हा जेवलात का म्हणेल याची भीती वाटत होती. आईंनी देवापुढे दिवा लावला आणि तेल घालत राहिल्या. मी पंख्यांची पाती पुसली. डाळींचे डबे रिकामे करून पुन्हा भरले. मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा करून मधल्या खोलीत ठेवला होता आणि तो वाजू नये असंच मला वाटत होतं. वाजला नाही तोवर काही झालेलं नव्हतं.

दुपारी तो वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर, परदेशातला. मी फोनजवळ गेले आणि उभी राहिले. हात पुढे जाईना.

"उचल की," आई म्हणाल्या.

"आई, तुम्ही."

"मला जमतंय का ते? उचल!"

मी उचलला नाही. मग त्या उठल्या, मला बाजूला केलं, हिरव्या बटणावर बोट दाबलं आणि फोन कानाला उलटा लावला. मी तो सरळ केला. पलीकडून खरखर येत होती.

"कोण बोलायलंय?" त्या म्हणाल्या.

काहीतरी उत्तर आलं.

"कोण मी? नीट सांग. नाव सांग तुझं."

मग त्यांनी फोन तसाच धरून खुर्ची चाचपली आणि बसल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. मग त्या जोरात म्हणाल्या, "मेल्या, कारडाचा कोपरा कशाला कापलास?"

मी फोन हिसकावून घेतला आणि आवाज बाहेर येईल असं केलं.

"कुठला कोपरा?" नवरा ओरडून विचारत होता. मागे इंजिनाची घरघर होती. "काय म्हणतेय आई? अगं, आम्ही बाहेर आलो. सगळे ठीक आहेत. चार-पाच दिवस बाजूला दडून थांबावं लागलं, कुणाशी बोलायला बंदी होती. ते जहाज दुसरं होतं. हॅलो?"

"कार्डाचा कोपरा," मी म्हटलं.

"ते होय! मिळालं? अगं, ग्रीस लागलं होतं बोटाचं. तू म्हणाली होतीस डाग नको. दुसऱ्या कार्डावर तर कॉफीच सांडली. म्हणून एवढासा कातरला. चालेल ना प्रदर्शनाला?"

आई मागून म्हणाल्या, "विचार त्याला, बापानं जन्म तारघरात काढला, आजी कारडं उंबऱ्याबाहेर वाचायची, ह्यानं काय बघितलं? आंघोळ केली मी तुझ्या नावानं! लुगडं अजून वाळलं नाही!"

त्याला कळलं. मग तो हळूच म्हणाला, "आई, मग माझं आयुष्य वाढलं म्हण."

"वाढलं तर वाढलं. पण माझं कमी झालं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तोवर त्या रडल्या नव्हत्या.

मी विचारायच्या गोष्टी विचारल्या. कुणाला लागलंय का. खायला आहे का. झोपलास का. मग विचारलं, आता पुढे काय. माल उतरवायचा, नवा भरायचा आणि परत त्याच वाटेनं वर जायचं, तो म्हणाला. त्या पाण्यात जायला कुणावर सक्ती करता येत नाही. संमतीचा कागद असतो, सही करायची किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर कंपनी बदली माणूस पाठवते. संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"तुला काय वाटतं?" त्यानं मला विचारलं.

इतक्या वर्षांत त्यानं कामाबद्दल मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. एरवी मी म्हणाले असते, दोन्ही बाजू लिहून काढू.

"उतर," मी म्हटलं.

तो उतरला. आठवड्याच्या आत घरी आला, वजन उतरलेला, हाताला ग्रीसचा वास. आईंनी त्याला दारातच उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग फटका मारला. प्रदर्शन झालं. सोळाव्या कागदावर मी काही लावलं नाही. एका परीक्षकानं विचारलं, शेवटचा कागद रिकामा का. मी म्हटलं, कार्ड खराब झालं.

त्याचं जहाज त्याच्याविना पुन्हा वर निघालं तेव्हा तो आमच्याबरोबर जेवायला बसला होता. त्यानं मोबाइल ताटाशेजारी ठेवला होता, नकाशा उघडा. मला वाटलं होतं, आता तो नकाशा आमच्या घरात कुणी उघडणार नाही. बघता बघता ठिपका गेला.

"बंद केलं असेल यंत्र," तो म्हणाला. घास हातात तसाच होता.

"तुझ्या जागी कोण गेलाय?" आईंनी विचारलं.

"केरळचा आहे एक. चांगला माणूस. त्याला पैशांची गरज होती, लगेच हो म्हणाला."

"घरी कोण असतंय त्याच्या?"

"बायको. लहान मुलगी."

आई भात कालवायच्या थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला फोन कर."

"मी काय बोलणार, आई? माझी ओळख नाही. तिची भाषा येत नाही मला."

"इंग्रजीत बोल की. सोबत म्हणून. तिच्यापाशी कुणी असल की नसल."

मला ते पटलं. खरं तर बरं वाटलं, काहीतरी करण्यासारखं निघालं म्हणून. मी हात धुतले, नवऱ्याकडून नंबर घेतला, काय बोलायचं ते मनात जुळवलं: मी कोण, माझा नवरा कोण, आम्हीही यातून गेलो आहोत, काही लागलं तर सांगा. पहिल्या घंटेलाच तिकडून फोन उचलला गेला. मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, जहाजाचं नाव घेतलं.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, वर वर जाणारा. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि लहान मुलीनं आईला हाक मारली.

"नाही, नाही," मी घाईघाईनं ओरडले, "बातमी नाही. कसलीच बातमी नाही. मी फक्त फोन केलाय."